उपाशी एकतीस जण

सांगलीतल्या एका दवाखान्याची व्हॅन तीन महिन्यांतून एकदा आमच्या जतकडच्या गावात येते. आत डोळ्यांचे डॉक्टर, एक सिस्टर आणि ड्रायव्हर. उभी राहते आमच्या अंगणात, कारण सावली आणि नळ दोन्ही तिथेच आहेत.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गेल्या खेपेला तिची उपाशीपोटीची साखर १९२ निघाली. "दीडशेच्या आत आणा, मग ऑपरेशनची तारीख देतो," डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मी सांगलीतल्या विश्रामबागेतून रोज फोन करून गोळी घेतली का ते विचारत होतो. तिचं दिसणं इतकं गेलं होतं की, वीजमीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला भाचा समजून तिने जेवायला बसवलं. तोही जेवला.

या वेळी मी आदल्या दिवशीच गावी गेलो. आईसकट मधुमेह असलेल्या एकतीस जणांची यादी केली आणि घरोघर जाऊन बजावलं, रात्री आठनंतर पाण्याशिवाय काही नाही.

सकाळी साडेसातला तपासणी सुरू झाली. पहिल्याची साखर २४०. दुसऱ्याची २११. तिसरे निवृत्त सुभेदार, त्यांची २२६. डॉक्टरांनी यंत्र बदलून पाहिलं. तेच.

"काय खाऊन आलात?"

"अन्नाचा कण न्हाई पोटात," सुभेदार ताठ उभे राहून म्हणाले. मिशीला साय लागली होती.

"चहा?"

"आवं डॉक्टर, च्या म्हंजे काय खाणं हाय व्हय?"

तेवढ्यात आई किटली घेऊन बाहेर आली. "डॉक्टर, तुमचाच ऱ्हायलाय बगा."

सहा वाजल्यापासून ती आलेल्या प्रत्येकाला चहा देत होती, कपाला दोन चमचे साखर. दारात आलेला माणूस तसाच बसवायचा नसतो. तू काही खाऊ नकोस, एवढंच मी तिला सांगितलं होतं. कुणाला काही देऊ नकोस, हे सांगायचं राहिलं.

"गड्या, सांगलीत लय शिकलास," रांगेतून कुणीतरी म्हणालं, "पर घरात सांगाय इसरलास व्हय?"

डॉक्टरांनी साखर तपासणं थांबवायला सांगितलं. आईचे आणखी तीन महिने गेले, असं मी धरून चाललो. सिस्टरने मात्र विचारलं, "आजी, तुम्ही किती कप घेतलात?"

आई चिडलीच. "पावण्यांच्या आदी मी कशी घीन? डॉक्टरांचा व्हयाचाय अजून."

सिस्टरने लगेच तिचं बोट टोचलं. १३८. मी स्वतः आकडा पाहिला, मग सिस्टरला मोठ्याने वाचायला लावला. डॉक्टरांनी सोमवारची तारीख लिहून दिली.

"समद्यांस्नी नापास केलंसा आन् एकट्याच पास झालासा!" सुभेदार म्हणाले.

उरलेल्या तिसांसाठी व्हॅन पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार होती, पण शाळेच्या मैदानात. डॉक्टरांची तशी अटच होती. आईला ती मुळीच पटली नाही.

"तितं चूल कुटं हाय?" ती म्हणाली. "माणसं काय कोरडीच बसत्याली?"