वाकडा गेलेला प्लग

घाटात गाडी पहिल्यांदा अडखळली तेव्हा मला वाटलं, आपलाच पाय क्लचवर नीट पडला नसेल. सुरगाण्याहून तांदळाची पोती घेऊन मी नाशिकला परत येत होते. चढावरच्या वळणावर गाडीने तीन-चार आचके दिले, जोर गेला आणि ती चक्क मागे सरकायला लागली. मागे माणसांनी गच्च भरलेली जीप होती. मी सगळा जोर लावून ब्रेक दाबला.

"ओ ताई, गाडी सांभाळा की!" जीपवाला ओरडला.

पहिल्या गियरवर, धक्के खात, मी ती कशीबशी माथ्यावर आणली. घरी पोचेपर्यंत ब्लाउज पाठीला चिकटला होता.

गाडी म्हणजे आमची छोटी, सीएनजीवर चालणारी पिकअप. नवरा पुण्याला कंपनीत, पंधरा दिवसांनी घरी येतो. घरी मी आणि सासरे. गाडी मीच चालवते, भाडी मीच आणते. सासरे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कॉलनीत कुणाचा पंप बंद पडला की हाक त्यांनाच.

त्यांनी अंगणात गाडी चालू करून ऐकली. "इंजिनाचा एक सिलिंडर मारत नाही. प्लग आणि वायरी बदलायला झाल्यात."

दुसऱ्या दिवशी रविवार. आमचा मेकॅनिक चांदवडला नातेवाइकांकडे साखरपुड्याला गेला होता. आणि सोमवारी सकाळी मला शिलाई मशिनं घेऊन त्याच घाटातून सुरगाण्याला जायचं होतं. तिथे बायकांचा शिवणवर्ग सुरू होणार होता. दुसरी गाडी बघा म्हणून सांगावं का, असं रात्रभर वाटत राहिलं. एकदा नाही म्हटलं की बाईच्या गाडीचं काही खरं नाही, असं लोक लगेच बोलतात.

"मेकॅनिक कशाला पाहिजे?" सकाळी सासरे म्हणाले. "मी करतो."

मला नको म्हणायचं होतं. गेल्या वर्षभरात त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे, शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा. आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो. नवऱ्याला तर मी काहीच सांगितलं नव्हतं.

मी द्वारका चौकातल्या दुकानातून चार प्लग आणि वायरींचा संच आणला. इंजिन थंडच होतं. आमच्या गाडीचं इंजिन सीटखाली असतं. सीट उचलून टेकवली आणि सासरे वाकले.

"सगळ्या वायरी एकदम काढायच्या नाहीत. एक काढायची, तिचा प्लग बदलायचा, नवी वायर बसवायची, मगच दुसरी. नाहीतर कुठली कुठे लागेल."

पहिले दोन प्लग नीट गेले. जुन्यांची टोकं झिजून पांढरी पडली होती. मी पाना देत होते, पण नजर त्यांच्या बोटांवरच होती. तिसरा प्लग जरा आत, अडचणीत होता. नवा प्लग भोकात धरताना त्यांचा हात जास्तच हलायला लागला. प्लग वाकडा टेकला. अर्धा आटा फिरला आणि अडकला. त्यांनी त्यावर पाना चढवला.

"बाबा, थांबा."

"काय थांबा? बसतोय तो."

"वाकडा जातोय."

"मला शिकवतेस?" त्यांनी जोर लावला. करकर असा बारीक आवाज आला.

ते थांबले. पाना तसाच सोडून मागे सरकले आणि पायरीवर जाऊन बसले. आतले आटे गेले असतील तर इंजिनाचा वरचा भाग, सगळं हेड, उतरवावं लागणार, एवढं मलाही माहीत होतं. त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

मी पाना धरला आणि प्लग उलटा, जपून जपून फिरवला. तो बाहेर आला. त्याच्या आट्यांत धातूचा चकचकीत कीस अडकला होता. मी तो लपवायला गेले, पण त्यांनी हात पुढे केला.

"दाव इकडं." त्यांनी कीस बघितला. मग म्हणाले, "जुन्या रबरी पाइपचा तुकडा आण. वीतभर."

त्या पाइपात प्लगचं डोकं खोचायचं आणि पाइप बोटांनी फिरवायचा. प्लग वाकडा गेला तर पाइप नुसताच घसरतो, आटे मरत नाहीत. "आधी उलटा फिरव," ते पायरीवरून सांगत होते. "टक् करून खाली बसल्यासारखं लागंल. मग सुलटा."

दोनदा पाइप घसरला. माझी बोटं घामाने ओली झाली होती, पदराला पुसून पुन्हा धरला. तिसऱ्यांदा हाताला बारीकसं टक् लागलं. प्लग हळूहळू आत गेला.

"पान्याने लय आवळू नको. बसला की बास."

तेवढ्यात शिवणवर्गाच्या बाईंचा फोन आला. "ताई, उद्या नक्की ना? बायका सातपासून येऊन बसतील." मी हो म्हटलं आणि त्याच घाईत चौथी वायरही काढून टाकली. चौथा प्लग बसवला, दोन्ही नव्या वायरी लावल्या, चावी फिरवली. गाडी अंगभर थरथरली आणि सायलेन्सरमधून फाडकन आवाज आला. मी गाडी बंद केली. डोळ्यांत पाणीच आलं.

सासरे उठले. "घाबरू नको. तीन आणि चारच्या वायरी उलट्या लागल्यात. बदल."

बदलल्या. या वेळी गाडी एकसारखी चालू लागली.

गाडी चढावर कशी ओढते ते बघायला आम्ही दोघं चामर लेण्याच्या डोंगराकडे गेलो. गाडीने जोर धरला, तरी माझे कान सीटखालीच होते. वर पोचल्यावर ते म्हणाले, "ती तिसरी जागा कच्ची झाली. माझ्याने झाली. मेकॅनिक आला की दाखव." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हाताचं पुण्याला सांगू नको. पोरगं काळजी करंल."

"नाही सांगत. पण तुम्ही डॉक्टरकडे चला."

त्यांनी काच वर केली आणि गाडी घराकडे वळवायची खूण केली.

सोमवारी घाटातल्या प्रत्येक वळणावर माझं लक्ष इंजिनाच्या आवाजावर होतं. रेडिओ बंद, काच खाली, बारीकशी फटफट झाली तरी पाय हलका करायचा. प्लग टिकला. सात वाजून गेले होते, बायका अंगणात बसल्या होत्या. त्यांनीच मशिनं उतरवून घेतली. मी चहा प्यायला बसले तेव्हा कळलं, स्टिअरिंग धरून हात आखडले आहेत.

मंगळवारी मेकॅनिकने प्लग काढून बघितला आणि आत नवे आटे बसवून दिले. "नशीब, निसटला नाही," तो म्हणाला.

गुरुवारी सासरे आपणहून इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले. दवाखान्यात डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे करायला सांगितले, तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं आणि मग केले. गोळ्या सुरू झाल्या. थरथर पूर्ण जाणार नाही, आटोक्यात राहील, असं डॉक्टर म्हणाले. परतताना त्यांनी गाडीतच माझ्याकडून फोन लावून घेतला आणि मुलाला म्हणाले, "अरे, माझ्या हाताचं जरा झालंय. ऐक, घाबरू नको."