शैलाची उणे दहाची स्लीपिंग बॅग

मी एकदा भर दुपारी कळंबच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बटाट्यांबरोबर झोपलो होतो, आणि झोप चांगली लागली होती. एवढं सोडलं तर त्या प्रकरणात माझ्या बाजूनं बोलण्यासारखं काही नाही.

आम्ही आळे गावचे. फाट्यावर माझं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. बायको शैला झेडपीच्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळते. (आणि घरी आल्यावर मला.) मुलगी मुक्ता पुण्यात नोकरी करते. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर ती घरी आली आणि जेवताना म्हणाली, "आई, हिमाचलात जाऊ. बर्फात तंबू ठोकून राहायचं. आपण दोघीच!"

"दोघीच म्हणजे?" मी विचारलं.

"दोघीच म्हणजे दोघीच, पप्पा. तुम्हाला आपल्या इथल्या आणे पठारावरचं वारं लागलं तरी सर्दी होते."

मी शैलाकडे बघितलं. लग्नापासून ही बाई माहेर सोडून माझ्याशिवाय कुठं मुक्कामाला गेली नव्हती. ती आता म्हणेल, 'नको गं, ह्यांचं जेवणाचं काय?' मी तोंडावर समजूतदार भाव आणून तयारच बसलो.

"चालंल की!" शैला म्हणाली आणि वर भाकरी मोडली.

माझा समजूतदार भाव वाया गेला. पण रुसून बसावं तर वय आडवं येतं. म्हणून मी जाहीर केलं, "जा खुशाल. पण स्लीपिंग बॅग मी निवडणार!"

पुढचे काही दिवस दुकानात गिऱ्हाईक पाइप मागायचं आणि मी मोबाइलवर बर्फात झोपलेली माणसं बघत बसायचो. पिसांची बॅग घ्यावी तर ओली झाल्यावर ऊब जाते. धाग्याची घ्यावी तर वजन जास्त. शेवटी तिघं पुण्यातल्या एका दुकानात गेलो. तिथला पोरगा फार हुशार होता. म्हणाला, "काका, बॅगेवर दोन तापमानं असतात. एक कम्फर्टचं, एक लिमिटचं."

"फरक काय?"

"कम्फर्टमध्ये माणूस झोपतो. लिमिटमध्ये नुसता जगतो."

"आम्हाला झोपायचं आहे," मी ठणकावून सांगितलं. "जगणं आम्ही घरी करतो."

मुक्तानं ताबडतोब दुसऱ्या काउंटरवर जाऊन आपण या माणसाला ओळखत नसल्याचा चेहरा केला. मी मात्र बूट काढले आणि दुकानाच्या मधोमध एकेका बॅगेत शिरून बघितलं. एकीत खांदे अडकले, दुसरीत पोट. शैला म्हणाली, "अहो, जायचंय मला!" तेव्हा कुठं तिची उंची बॅगेला लावून बघायचं सुचलं. शेवटी उणे दहाची, हिरवीगार, पायाकडे निमुळती होत गेलेली बॅग घेतली. अगदी भेंडी!

इथं थांबायला हवं होतं. पण माझं आयुष्य लेबलांत गेलंय. पाइपावर लिहिलेलं असतं 'वर्षानुवर्षं टिकेल', आणि आठवड्यात शेतकरी उंदरानं कुरतडलेला तुकडा घेऊन दारात! उणे दहा लिहिलंय, पण बघितलंय कुणी? आमच्या गच्चीवर बघावं तर आळ्याची थंडी ती केवढीशी! मग मला इकबाल आठवला. शाळेपासूनचा दोस्त. कळंबला त्याचं बटाट्याचं कोल्ड स्टोरेज आहे.

एका रविवारी, मुक्ता घरी आलेली असताना, शैलाला 'मंचरला माल पोचवायचाय' असं सांगून मी बॅग घेऊन निघालो.

"सुभ्या, डोकं ठिकाणावर हाय का?" सगळं ऐकून इकबाल म्हणाला.

"अर्धा तास फक्त. आणि जमलं तर उणे दहा कर."

"उणे दहा? बियाण्याचे बटाटे हायेत राव! गोठले तर लोक मला जित्ता सोडायचे न्हाईत."

"आणि मी गोठलो तर?"

"तुला कोण पेरणार हाय?"

शेवटी जेवढं गार होतं तेवढ्यावर भागवायचं ठरलं. गोण्यांच्या दोन थप्प्यांमधल्या बोळात मी बॅग अंथरली, आत शिरलो आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. टोपीची नाडी आवळली. बाहेर फक्त डोळे आणि नाक! तेवढ्यात गेटावर ट्रक आला म्हणून इकबाल गेला. जाताना हमालांना सांगायचं मात्र विसरला.

आणि काय सांगू, बॅग खरंच उबदार निघाली. शैला बर्फात आहे, वारा सुटलाय, पण तिला काही कळत नाहीये, असं चित्र डोळ्यांपुढं आलं. बरं वाटलं. एवढं बरं वाटलं की मी घोरायला लागलो.

"आरं, हितं कायतरी हाय!"

डोळे उघडले तर तीन हमाल.

"बिबट्या हाय का रं? गुरगुरतंय!"

"बिबट्या हिरवा असतो व्हय?"

"थांबा, मी माणूस आहे!" असं मी ओरडलो. पण तोंडावर नाडी आवळलेली असल्यामुळे बाहेर नुसतं 'हूं हूं' आलं. चेन ओढली तर ती अस्तरात अडकलेली. म्हणून मी बॅगेसकट उभा राहिलो आणि दाराकडे उड्या मारत निघालो. उभी भेंडी आपल्याकडे उड्या मारत येतेय म्हटल्यावर ते तिघं गोण्या टाकून जे पळाले, ते थेट रस्त्यापर्यंत!

त्यात माझ्या खिशातला फोन वाजायला लागला. हात आत, फोन आत, पण दोघांची भेट होईना. फोन बंद झाला आणि आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या इकबालचा वाजला. त्यानं स्पीकर लावला.

"भाऊजी, हे तुमच्याकडं आलेत का? दुकानात न्हाईत, मंचरला न्हाईत, आणि कपाटातली बॅगपण न्हाई!"

"वहिनी, अजिबात घाबरू नका," इकबाल म्हणाला. "तो आत झोपला होता."

"आत कुठं?"

"बटाट्यात."

मुक्ताच्या गाडीतून मायलेकी पोचल्या, तेव्हा मी उन्हात खुर्चीवर बॅगेसकट बसलो होतो. घामानं निथळत. परत आलेल्यांपैकी एक हमाल मला बशीनं चहा पाजत होता. "पावणं, फुकून घ्या," तो प्रेमानं म्हणाला.

शैला खाली बसली, इकबालकडून मेणबत्तीचा तुकडा मागून घेतला आणि चेनीला घासायला लागली. पहिलीच्या पोरांच्या दप्तरांमुळे तिचा हात बसलेला.

"कशाला केलंत हे?" तिनं वर न बघता विचारलं.

सर्वांसमोर सांगायचं नव्हतं. पण अंगावर बॅग असली की पळता येत नाही.

"तुझे पाय थंडीत लाकडासारखे पडतात," मी हळूच म्हणालो. "इथं मी असतो. तिथं..."

मेणबत्ती थांबली. इकबाल एकदम हमालांवर ओरडला, "चला रं, काय बघताय? गोण्या उचला!" मुक्ता दुसरीकडं बघून नाक पुसायला लागली.

"सांगायचं तरी घरी," शैला म्हणाली. मग तिनं चेन सर्रकन खाली ओढली आणि पदरानं माझं कपाळ पुसलं. "उठा आता. भिजलीय ती सगळी तुमच्या घामानं."

मायलेकी बर्फात जाऊन आल्या. तिथून शैलाचा फोन आला, "अहो, लई छान झोप लागली. मध्येच गरम झालं म्हणून चेन उघडावी लागली!" मी बाजारात दिसेल त्याला हे ऐकवलं. 'उणे दहात, बरं का! निवड माझी!'

त्या परत आल्या आणि शैला दारातच थबकली. मी शिंकत कोचावर बसलो होतो, अंगाभोवती डायनिंग टेबलाचं फुलाफुलांचं प्लास्टिकचं कव्हर गुंडाळून.

"हे काय? गोधड्या कुठायत?"

"त्या कुठं ठेवल्यात तेच तुला विचारायचं होतं," मी म्हणालो. "पण तू फोनवर माझ्या निवडीचं एवढं कौतुक करत होतीस, म्हटलं आता मध्येच कसं विचारायचं!"