हलवलेले दगड

"ताई, हे आफ्रिकन सिक्लिड भारी भांडकुदळ. नवा मासा सोडण्याआधी टाकीतले सगळे दगड हलवा. जुन्यांना आपली जागाच सापडली नाही, की ते नव्याला मारत नाहीत," असं अ‍ॅक्वेरियमवाले काका म्हणाले होते. मी तसंच केलं. नवा निळा मासा बिनघोर फिरतोय. पिवळा मात्र त्याची कपार होती तिथेच घुटमळतोय. तिथे आता नुसती वाळू आहे.

दादाच्या लग्नाआधी मी चार दिवस मैत्रिणीकडे गेले होते. परतले, तर माझी खोली त्याची झालेली, माझं कपाट पॅसेजमध्ये.

"आधी सांगितलं असतं तर भांडली असतीस," आई म्हणाली.

मी भांडले नाहीच. कुठे उभी राहून भांडणार?

पाण्यावर दाणे धरलेत. रोज माझ्या बोटांतून खाणारा पिवळा आज वर येत नाही.