वडिलांचे थेंब

वडिलांना पोटशूळ होता. ठाण्याच्या कचेरीत ते कारकून होते, आणि कळ आली की लिहिता लिहिता मेजावर ओणवे होत. डाक्टरांनी त्यांना अफूच्या अर्काची बाटली दिली. घरात आम्ही तिला नुसते ‘थेंब’ म्हणत असू, कारण अफू हा शब्द उच्चारायची आईला लाज वाटे. सुरुवातीला पाण्यातून दोन-चार थेंब घेतले की कळ थांबे. पुढे थेंबांचा चमचा झाला, तरी पोट ढिम्म.

डाक्टर म्हणाले, “पोटाची पिशवी मांसाची असते. ती आवळते म्हणून कळ येते. औषध तिला सैल हो म्हणून सांगतं. पण उठल्यासुटल्या तेच सांगितलं की ती ऐकेनाशी होते. काही दिवस औषध बंद ठेवा, पुन्हा ऐकू लागेल.”

“म्हणजे पोट कोडगं झालंय म्हणा की,” वडील हसून म्हणाले.

मला दहावे वर्ष सरत आले होते आणि लग्न जमत नव्हते. अखेर कल्याणच्या एका घरून निरोप आला, मुलगी दाखवायला आणा, जेवायलाच या. त्या दिवशी पोटाने दगा देऊ नये, वेळ आलीच तर थेंब लागू पडावेत, म्हणून वडिलांनी आधीचे काही दिवस थेंब बंद केले. ते दिवस त्यांनी कसे काढले ते मी पाहिले आहे. गरम विटेने पोट शेकत, उशीचे टोक दातांत धरून पडून राहत. आई रडे, “घ्या हो थोडे.” ते म्हणत, “व्याह्यांच्या पंगतीत ओणवा झालो तर पोरीचं कसं व्हायचं?”

आगगाडीने आम्ही कल्याणला गेलो. मला चालवून पाहिले, वाचायला लावले, आणि मी पसंत पडल्याचे चेहऱ्यांवरून दिसत होते. पाने मांडली तशी वडिलांच्या पोटात बारीक कळ उठली. पुढे आग्रहाचे जेवण. ते घाबरले, परसात गेले आणि अंगरख्यातली बाटली काढून सवयीने पूर्वीचाच चमचाभर अर्क प्याले. पोट आता ऐकू लागले असेल, दोन-चार थेंबही पुरतील, हे त्या घाईत त्यांच्या ध्यानातच आले नाही.

पंगतीत श्लोक म्हणायची पाळी त्यांच्यावर आली, आणि आवाज येईना. मी स्वयंपाकघराच्या दारातून डोकावले. हात ताकभातात, हनुवटी छातीवर, आणि वडील घोरत होते. एकाचे जेवण उरले असताना पंगत उठत नाही, म्हणून सगळी मंडळी खरकटे हात वाळवत त्यांच्याकडे बघत बसली. कोणीतरी हळूच म्हणाले, “अफू दिसते.” हे माझे वडील नव्हेत, असे मला ओरडून सांगावेसे वाटले. तोंडावर पाणी मारले तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “पोट अगदी शांत आहे.”

पत्रिका फार चांगली जुळत होती, म्हणून लग्न झाले. पण सासूबाई मला अफूबाजाची लेक म्हणू लागल्या. जात्यावर डुलकी लागली तरी तेच, दूध उतू गेले तरी तेच. आधी मी विहिरीआड जाऊन रडे. मग वडिलांच्या पोटासारखे माझे कानही कोडगे झाले.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले. तिथे इतके महिने ते शब्द कानावर पडले नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी जेवत नाही, त्यामुळे मला नि बाळाला पोचवायला वडील आले तेव्हा ते लग्नानंतर प्रथमच माझ्या सासरी पानावर बसले. कल्याणच्या त्या दिवसापासून त्यांनी थेंब कायमचे सोडले होते. शूळ मात्र तसाच होता.

मी तूप वाढत होते. सासूबाई दाराआडून म्हणाल्या, “व्याहीबुवा, आज तरी जागे राहा हो!”

सगळी पंगत हसली. एरवी मला ते ऐकूही आले नसते. त्या दिवशी मात्र ते नव्यासारखे काळजात शिरले. वडिलांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले.

मीही पदराआड हसले.

त्यांनी मान खाली घातली, डावा हात पोटाशी दाबून धरला आणि पानातले सगळे संपवले.