वरचा की खालचा

त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. जिल्ह्यातल्याच गोरेगावहून हिंगोलीला निघालेल्या जीपमध्ये त्या शेजारी बसून छोट्या चाकूनं मेणाची वडी कोरत होत्या. खड्डा आला की हात उचलायच्या, खड्डा गेला की पुन्हा सुरू. बघता बघता मेणाची दाढ झाली.

"दाताच्या डॉक्टर का?" मी विचारलं.

"दातांच्या कॉलेजात शिकवते. पहिल्या वर्षाच्या पोरांना अशीच दाढ कोरायला लावते. दात काढायला दुसरे शिकवतात, मी ते येतात कसे हे शिकवते."

हे ऐकून समोरच्या बाईनं मांडीवरचं लेकरू पुढं केलं. "मॅडम, ह्याचा पयला दात येऊन राहिला. वरचा हाय का खालचा, बघा बरं. वरचा आधी आला तर मामाला जड असतंय म्हनतेत. अन् ह्याचा मामाच गाडी चालवून राहिला!"

मामानं जीप कडेलाच घेतली. बाईंनी बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, हिरडीवरून बोट फिरवलं आणि हसल्या.

"वरचा. येतो काहींना आधी. आमच्या पुस्तकात दातांचं सगळं लिहिलंय, मामाचं कुठंच नाही."

सगळे हसले. मामाही हसला, पण जरा उशिरा.

फाट्यावर उतरल्यावर बाई खिडकीशी वाकल्या. "तरी मामा," त्या म्हणाल्या, "पुढं गाडी जरा हळूच चालवा."