दुमडलेलं बोट

सोनालीचा तो फोटो भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकला कुणी? आमच्या ह्यांनी. माझ्या सख्ख्या नवऱ्याने! वर लिहिलं, ‘आपल्या घराची शान.’ फोटोत एक पोस्टर, पोस्टरवर मोगऱ्याचा हार हातात धरून हसणारी आमची सोनाली, आणि खाली छापलेलं की कला संग्रहालयात दर रविवारी बागकामाचं व्याख्यान आणि फुलांच्या मांडणीची कार्यशाळा, शिकवणार सोनाली ललित पाटील. बावीस वर्षं मी या माणसाचे डबे भरते. माझ्या कुठल्या गोष्टीला त्यांनी ग्रुपवर नुसता अंगठासुद्धा कधी टाकला नाही.

जळते मी. सरळ सांगते, लपवून काय करू? ‘जावा जावा, उभा दावा’ म्हणतात ते उगीच नाही. पण मला तिचा फोटो नको होता की तिचं मानधन नको होतं. मला एकच पाहिजे होतं. तिने एकदा चारचौघांत तोंड उघडून म्हणावं, हे मला रंजनाताईंनी शिकवलं. बस्स.

बारा वर्षांपूर्वी ही माझ्या दिराची, ललितची नवरी होऊन शिरपूरहून इकडे गुजरातेत कडोदऱ्याला आली, तेव्हा हिला काय येत होतं? बारावी पास होती आणि फडाफडा बोलायची, एवढंच. आल्या महिन्याभरात शेजारणींशी गुजराती बोलायला लागली. मला इतक्या वर्षांत ऐकून कळतं, पण बोलायला ‘केम छो’च्या पुढे काही जमलं नाही. पण गजरा केसांत माळायचा म्हटला तर ही बया सेफ्टीपिना शोधत घरभर फिरायची. आमच्या घरातले पुरुष कापडाच्या लूमवर, आणि बायकांचं काम फुलं. सकाळी पंडित फूलवाल्याचा टेम्पो मोगऱ्याच्या पिशव्या टाकून जातो, दुपारी बांधलेले हार-गजरे घेऊन जातो. ही माझ्यासमोर पाट टाकून बसायची आणि माझ्या हाताकडे टक लावून बघायची. ‘ताई, हा वेढा कसा घेतला? ताई, परत दाखवा ना.’ मी म्हणायची, ‘बघ आणि बांध. तोंड बंद ठेव.’ ती खरंच तोंड बंद ठेवून बघायची. दोन पावसाळे गेले असतील, पंडितने एक हार उचलून विचारलं, ‘वहिनी, हा तुमचा की धाकटीचा?’ त्या दिवसापासून मी तिच्या हारात खोट काढायला लागले.

आता माझ्या हाताचंही सांगायला हवं. लग्न झाल्यावर वर्षभर मी बॉबिन भरायला एका कारखान्यात जात होते. तिथे मशीनच्या पट्ट्यात माझं उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट गेलं. बुडाशी एक पेर उरलं, बाकी काही नाही. तेव्हापासून मी घरात बसून फुलं बांधते. सगळं जग त्या बोटावर फास घेतं आणि देठांवर सरकवतं. मला बोटच नाही, मग मी काय करणार? मी मधल्या बोटावर फास घ्यायला शिकले, आणि तो निसटू नये म्हणून वरून एक जादा वेढा द्यायला लागले. केळीच्या सोपटाचा धागा ओला असला की तो वेढा असा आवळतो, की हार दोन दिवस झटका, एक कळी गळणार नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. रडत रडत, माझं मी शोधलं. हात मात्र कुणाला दाखवत नाही. घरात बारसं असो की लग्न, फोटो काढायला लागले की माझा उजवा हात पदराखाली जातो.

तर त्या संग्रहालयाचं असं झालं, की मागच्या वर्षी तिथे कसलं तरी उद्घाटन होतं. पंडितकडून हार गेले, पण दारावरचं तोरण बांधायला कुणीतरी बाई पाठव म्हणाले. पंडितने आधी मलाच विचारलं होतं, बरं का! माझा गुडघा दुखत होता. म्हणजे गुडघा तेवढा काही दुखत नव्हता, पण परक्या बायकांत बसून हात चालवायचे म्हणजे मला नको वाटतं. मी म्हटलं, सोनालीला पाठव. झालं! तिथल्या मृणाल मॅडम आपल्या मराठीच, कार्यक्रमांचं सगळं त्याच बघतात. त्यांनी हिला तोरण बांधताना पाहिलं आणि विचारलं, आमच्याकडे शिकवायला येशील का? मी आंधण ठेवायचं, आणि भात हिने वाढून घ्यायचा.

मग काय, बाईसाहेब दर रविवारी गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवून निघायला लागल्या. परत आली की तो पट्टा देवघराच्या खुंटीला टांगायची. आमच्या सासूबाई, सुभद्राबाई, येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पट्टा हातात घेऊन दाखवायच्या. एकदा मला म्हणाल्या, ‘रंजना, तू पण जरा शीक की तिच्याकडून. परातीत पाणी घालून काय सुंदर मांडते गं पोर!’ मी तिच्याकडून शिकू? अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं, आणि खाल्लं सगळ्यांनी गुपचूप.

ती माझ्याशी वाईट वागायची का? अजिबात नाही, तेच तर दुखणं! आली की माझ्याजवळ बसून सगळं सांगायची. आज एका बेननी लांब देठाचे गुलाब आणले होते, आज एका प्रोफेसरांनी कुंडीतल्या मोगऱ्याची छाटणी दाखवली. मी ‘हं’ म्हणायची. एकदा न राहवून विचारलं, ‘तिथे विचारत नाहीत का गं, कुणाकडून शिकलीस?’ ती पट्टा खुंटीला टांगत म्हणाली, ‘विचारतात ना. मी सांगते, घरात शिकले.’ घरात! घराला काय हात असतात?

मग मी ठरवलं, एकदा जाऊन बघायचंच. एका रविवारी, ती सकाळी गेल्यावर, सासूबाईंना सांगितलं की कतारगामला बहिणीकडे जाते. बस धरली आणि थेट संग्रहालय गाठलं. दाराशी वहीत नाव लिहायला सांगितलं तर डाव्या हाताने कसंबसं बहिणीचं नाव लिहिलं, सुवर्णा. बाहेर बाग होती, हिरवळ अशी कापलेली की पाय ठेवायला भीती वाटावी. आत गारेगार हॉल, भिंतींवर मोठी मोठी चित्रं, आणि खुर्च्यांवर चाळीसेक बायका. बहुतेक गुजराती, सगळ्या कशा इस्त्री केलेल्या. मी शेवटच्या रांगेत खांबाआड बसले.

आधी प्रोफेसर बोलले. मोगऱ्याला पाणी कधी तोडावं, खत कधी घालावं. माणूस हुशार होता, पण मोगरा कधी बांधला नसावा, कळीला देठाऐवजी डोक्याकडून धरत होता. मग सोनाली उठली. माझी निळी सुती साडी नेसून आली होती, विचारून नेली होती म्हणा. पितळी परातीत पाणी, त्यात झेंडूच्या पाकळ्यांचा गोल, मधे उभा निशिगंध आणि त्याच्या कडेने मोगऱ्याची सर सोडलेली. असं आमच्या घरी कधी कुणी केलं नव्हतं. हे तिचं होतं, मान्य करते. दाताखाली खडा आल्यासारखं मान्य करते.

मग तिने प्रत्येकीपुढे कळ्या आणि ओला धागा ठेवला आणि म्हणाली, ‘आता माझ्या हाताकडे बघा.’ तिने हात वर धरला. अंगठ्याजवळचं बोट तळहातात दुमडलं, मधल्या बोटावर फास घेतला, कळ्या लावल्या, जादा वेढा, आवळलं. आणि समोरच्या चाळीस बायकांनी चाळीस बोटं दुमडली! चांगली धडधाकट बोटं, अंगठ्या घातलेली, रंगवलेल्या नखांची, आणि सगळी तळहातात कोंबलेली. माझ्या शेजारचीचा धागा सारखा निसटत होता, पण बोट काही ती सोडेना. मला हसावं की ओरडावं कळेना.

बारा वर्षं ही पोर माझ्यासमोर बोट दुमडून बांधत होती, आणि मी कधी बघितलंच नव्हतं. मी तिचा हार बघायची, त्यात खोट काढायला. हात कधी बघितला नाही.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बेननी विचारलं, ‘बेन, आ आंगळी केम वाळो छो?’ हे बोट का दुमडायचं? एवढं गुजराती मलाही कळलं. मी पुढे सरकून बसले. आता तरी ही माझं नाव घेणार. घ्यावंच लागणार, दुसरं उत्तरच नाही.

सोनालीने हातातला धागा खाली ठेवला. मग तोंडभर हसून म्हणाली, ‘हे बोट दाखवून आपण दुसऱ्याला दोष देतो ना, म्हणून आमच्या खानदेशात देवाच्या फुलाला ते लावत नाहीत.’ बायका ‘वाह, वाह’ करायला लागल्या. मृणाल मॅडमनी तर वहीत लिहूनही घेतलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझं तुटकं बोट हिने देवाला वाहून टाकलं? मी ताडकन उठले. ‘खोटं आहे!’ सगळ्या माना मागे वळल्या. मी उजवा हात वर केला, डोक्याच्या वर, अगदी दिव्याखाली, आणि जसं आलं तसं मराठी-हिंदीत बोलले. ‘देवबीव काही नाही. मला बोटच नाही. मशीनमध्ये गेलं. म्हणून मी असं बांधते, आणि ही माझं बघून शिकली. माझं!’

खोटं का बोलू, पहिल्यांदा गार वाटलं. वर्षभराची आग कुणी पाणी ओतून विझवावी तसं. सोनालीचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी मनात म्हटलं, घे आता.

ती रागावली असती तर मी जिंकले होते. ती रागावली नाही. दोन रांगांमधून चालत माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात, त्या बायकांना कळू नये म्हणून आमच्या घरच्या अहिराणीत म्हणाली, ‘ताई, तुमनं नाव लिधं का मंग बोटनंबी सांगनं पडी.’ नाव घेतलं की बोटाचंही सांगावं लागतं. ‘तुम्ही घरच्यांपुढे हात काढत नाही. मग मी या परक्यांपुढे तो कसा काढू?’

माझा हात आपोआप पदराखाली गेला. दर रविवारी कुणी ना कुणी विचारत असणार, आणि दर रविवारी ही मला झाकत होती. आणि आज मीच माझा हात चाळीस बायकांपुढे काढून बसले होते.

ती मागे वळली आणि मोठ्याने म्हणाली, ‘मी आत्ता खोटं बोलले, माफ करा. या माझ्या मोठ्या जाऊबाई, रंजनाताई. मला जे येतं ते सगळं यांचं बघून.’ हेच ऐकायला मी वर्षभर तळमळले होते ना? ऐकलं, आणि मला मान वर करवेना. सोनालीने मला हाताला धरून पुढे नेलं, आपल्या खुर्चीवर बसवलं.

मग त्या म्हाताऱ्या बेनच परत बोलल्या. आता आम्ही बोट दुमडायचं की नाही? सगळ्या सोनालीकडे बघायला लागल्या, आणि सोनाली माझ्याकडे. ‘ताई, तुम्हीच सांगा.’

‘सोडा,’ मी म्हटलं. ‘देवाने दिलंय तर वापरा.’

चाळीस बोटं उघडली. सगळ्यांचे हात मोकळे झाले, दहा मिनिटांत शेजारचीचा वीतभर गजरा झालासुद्धा. सोनालीनेही बोट सरळ केलं, त्यावर फास घेतला. फास निसटला. परत घेतला, कळ्या सुटून तिच्या मांडीवर पडल्या. तिसऱ्यांदा धागाच तुटला. चाळीस बायकांना शिकवणारी मास्तरीण, आणि तिला चार कळ्या बांधता येईनात. तिच्या कपाळावर घाम आला. पुढच्या रांगेतली एक तरुण पोरगी फिसकन हसली.

‘हसायला काय झालं गं?’ मी तिच्यावर असा आवाज टाकला की मृणाल मॅडमही दचकल्या. ‘तुझ्या बापजन्मी बांधलास का असा हार? हिचं बघ आणि मग हस!’

आणि मी सोनालीचा हात माझ्या हातात घेतला. तिचं ते सरळ धरलेलं बोट धरलं आणि परत तिच्या तळहातात दुमडून दिलं.

‘तुला नको,’ मी म्हटलं. ‘तू माझ्यासारखंच बांध.’