खापरावरची मिश्री

आटपाडीच्या सासरी मिश्री न लावणारी बाई मी एकटीच. तंबाखू खापरावर काळी होईतो भाजायची, कुटायची आणि बोटानं दाताला लावायची, ही तिथली सकाळ. माझ्या आईच्या गालात अशीच लावून लावून फोड आला आणि तो तिला घेऊनच गेला. जाताना म्हणाली होती, "मिश्रीनं खाल्लं गं मला. तू बोट लावू नगंस." साताऱ्याकडून मी सासरी आले ती हा शब्द घेऊन.

सगळ्या बायका दारातल्या दगडावर मिश्री लावत बसायच्या. घरातलं खरं बोलणं तिथंच. पलटणीतून कुणाचं पत्र आलं, कुणाला दिवस गेले, सगळं. मी गेले की जाऊ म्हणायची, "आली बघा सातारची मडमीण!" सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, त्या चिमूट पुढं करायच्या. "लाव गं. जीव हलका हुतो. लावलीस की आमची झालीस." वाईट बाई नव्हत्या हो त्या! मायेनं द्यायच्या, त्यानंच तर माझा जीव जायचा.

पण मी हट्टी. नाही म्हणजे नाही. मग घरात ठरलं, ही लावत नाही तर हिनंच भाजावी. लावणारीला म्हणे दम निघत नाही, कच्चीच उचलते. झालं! लढाईची ती सगळी वर्षं नवरा पलटणीत आणि मी खापरापुढं. ठसक्यानं डोळे गळायचे. माझ्या हातची मिश्री आळीत नावाजली गेली. काय पण मेलं कौतुक!

लढाई संपली, नवरा धडधाकट घरी आला आणि त्याच साली आत्याबाईंच्या गालात फोड दिसला. मी बघितला. आईचाच फोड तो. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, फार उशीर झालाय, पण आधी मिश्री बंद करा. घरी येऊन मी खापर उकिरड्यावर आपटून फोडलं. इतकी वर्षं का नाही फोडलंस गं, म्हणून स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली.

आठ दिवस त्यांनी मिश्री मागितली. ना पेज गिळवे, ना डोळा लागे. "आवं आत्याबाई, नगा मागू," मी रडत म्हणायची.

"वैरीण हायस माजी! तू कवा लावलीस, तुला काय कळतंय?"

नवव्या दिवशी त्यांनी माझे पाय धरले. सासूनं, सुनेचे! देवा, मी काय करायला हवं होतं? वाचणार तर त्या नव्हत्याच.

मी दुसरं खापर आणलं. भाजली, कुटली, पुढं ठेवली. पण त्यांचं तोंड जेमतेम बोटभर उघडायचं. त्यांच्या बोटांतली चिमूट आत जाईना, लुगड्यावर सांडली. त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

मग आईच्या शब्दाखातर जे बोट कोरडं ठेवलं होतं, तेच मी मिश्रीत बुडवलं आणि त्यांच्या दातांवरून हळूहळू फिरवलं.

त्यांनी डोळे मिटले. "आता कशी माजी झालीस," म्हणाल्या.